स्वस्त डिस्कचा हिशेब

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. हार्ड डिस्क. दुकानात गेलं की खोक्यावर किंमत असते, तिला जीबीने भागायचं आणि ज्याचा भागाकार कमी ती डिस्क उचलायची, असा आपला सरळ व्यवहार. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर माझं मत असं झालंय की हा भागाकार चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. स्वस्त डिस्क घेऊन वाचवलेले पैसे नाहीसे होत नाहीत, ते दुसरीकडे जाऊन बसतात. कुठे जाऊन बसतात याला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यातला एक मोठा मजेदार भाग आपल्याच पट्ट्यात, म्हणजे मी जिथे बसून हे लिहितोय त्या माणपासून नारायणगावपर्यंतच्या टापूत घडलाय. म्हणून हा शनिवार त्याच्यासाठी.

सुरुवात मात्र लांबून करावी लागेल. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र जाहीर केलं. त्यात जगातली पहिली विकाऊ, खरं तर भाड्याने मिळणारी, हार्ड डिस्क होती. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक, वजन टनाच्या पुढे आणि मावणार किती? पन्नास लाख अक्षरं. आजच्या भाषेत पावणेचार एमबी. म्हणजे एखादं गाणं बसेल, दुसरं नाही. यंत्राचं भाडं महिना ३,२०० डॉलर. हवी ती नोंद शोधायला डिस्कला सरासरी ६०० मिलिसेकंद लागायचे, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त.

आता एकदम आजच्याजवळ येऊ. २०२४ साली ३० टीबीच्या डिस्क बाजारात आल्या. रॅमॅकच्या तुलनेत साठा किती पट वाढला? ऐंशी लाख पट. आणि नोंद शोधायचा वेळ? ६०० मिलिसेकंदांवरून साधारण १२ वर. म्हणजे फक्त पन्नास पट सुधारणा. पुन्हा वाचा. एक आकडा ऐंशी लाख पट, दुसरा पन्नास पट! एकाच यंत्राचे दोन गुण, एकाच कारखान्यात तयार झालेले.

कारण साधं आहे. साठा वाढवायचा तर तबकडीवरच्या खुणा बारीक करत जायच्या, आणि त्या बाबतीत माणसाने कमाल केली. पण शोधायचं म्हटलं की एक धातूचा हात हलवायचा असतो आणि तबकडी फिरून हवी ती जागा हाताखाली यायची वाट बघायची असते. तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी सीगेटची बॅराकुडा डिस्क १९९२ साली आली. आजच्या अवाढव्य डिस्कसुद्धा ७,२०० नेच फिरतात. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, सरासरी निम्मा फेरा वाट बघायची. हे गणित तीस वर्षांत तसूभर हललेलं नाही.

म्हणून मी म्हणतो की डिस्कला किमती दोन असतात. एक साठ्याची, म्हणजे दर जीबीला किती रुपये. दुसरी फेरीची, म्हणजे सेकंदाला एक नोंद उचलून आणायची तर किती रुपये. गोदामाचं उदाहरण घ्या. गोदाम केवढं हा एक प्रश्न, आणि गोदामातला माणूस तासाला किती वेळा आत-बाहेर करू शकतो हा दुसरा. गोदाम दहापट मोठं बांधलं म्हणून माणूस दहापट पळत नाही. उलट त्याला जास्तच चालावं लागतं. खोक्यावर छापलेली असते ती पहिली किंमत. दुसरी आपली आपण काढायची.

ही दुसरी किंमत व्यवस्थित मांडली जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी, १९८७ साली. दोघं टँडम नावाच्या कंपनीत होते. त्यांचा हिशेब असा : त्या वेळची एक डिस्क १५,००० डॉलरची, आणि ती सेकंदाला पंधरा फेऱ्या मारते. म्हणजे सेकंदाला एक फेरी हवी तर डिस्कचे हजार डॉलर मोजा. ती फेरी मारवून घ्यायला लागणारा प्रोसेसर वगैरे धरून आणखी हजार. एकूण दोन हजार. मेमरीचा भाव तेव्हा एमबीला ५,००० डॉलर, म्हणजे एक केबीला पाच डॉलर. आता एक केबीची नोंद मेमरीत कायमची धरून ठेवणं परवडेल का? दोन हजार भागिले पाच, म्हणजे चारशे. जी नोंद चारशे सेकंदांतून एकदा तरी लागते ती मेमरीत ठेवलेली स्वस्त, त्याहून क्वचित लागणारी डिस्कवर. चारशे सेकंद म्हणजे ढोबळमानाने पाच मिनिटं. म्हणून याला पाच मिनिटांचा नियम म्हणतात. भाव बदलले की मिनिटं बदलतात, पण भागाकार तोच राहतो.

आपल्याकडे या भागाकाराचं ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचं राष्ट्रीय शेअर बाजार. नोव्हेंबर १९९४ मध्ये तिथे शेअर्सचे सौदे सुरू झाले, आणि सगळं पहिल्यापासून कॉम्प्युटरवर. मध्यवर्ती यंत्र स्ट्रॅटसचं होतं, म्हणजे आतले भाग जोडीजोडीने असलेलं, एक गेला तरी दुसरा चालू राहील असं. आणि सौद्यांची सगळी माहिती त्यांनी मेमरीतल्या डेटाबेसमध्ये ठेवली. आजच्या मुलांना यात काही विशेष वाटणार नाही. पण १९९४ साली मेमरी सोन्याच्या भावाची होती! तरीही ते बरोबर होतं, कारण खरेदी-विक्रीच्या यादीतली नोंद पाच मिनिटांतून एकदा नाही, सेकंदाला अनेकदा लागते. तिथे साठ्याचा भाव बघून डिस्क घेतली असती तर देशभरातले दलाल पडद्याकडे बघत बसले असते.

हे झालं फेऱ्यांचं. आता उलट बाजू, म्हणजे साठा प्रचंड आणि पैसा मर्यादित. त्यासाठी १९८८ साल बघायचं.

त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध वाचला. त्यात त्यांनी दोन डिस्क समोरासमोर ठेवल्या. एकीकडे आयबीएमची ३३८०. चौदा इंची तबकड्या, साडेसात जीबी, कपाटाएवढी, ६,६०० वॉट वीज खाणारी, सेकंदाला जास्तीत जास्त २०० फेऱ्या. दुसरीकडे कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क, घरगुती कॉम्प्युटरसाठी केलेली. १०० एमबी, १० वॉट, सेकंदाला ३० फेऱ्या. साडेसात जीबी हवेत तर अशा पंचाहत्तर डिस्क लागतील. पंचाहत्तर गुणिले तीस म्हणजे २,२५० फेऱ्या. मोठ्या डिस्कच्या अकरापट! वीज ७५० वॉट, म्हणजे एक नवमांश. आणि एमबीला भावही कमी. मग मोठी डिस्क कुणी घ्यावीच का?

गोम शेवटच्या ओळीत आहे. लहान डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते. पण पंचाहत्तर डिस्क एकत्र बांधल्या आणि त्यातली एकही गेली तरी सगळा साठा निकामी होणार असेल, तर ३०,००० ला ७५ ने भागा. ४०० तास. जेमतेम सतरा दिवस. कुठल्या बँकेला सतरा दिवसांनी मरणारं खातेपुस्तक चालेल?

यावरचा तोडगा म्हणजे रेड. मूळ नावात स्वस्त डिस्कचा समूह असाच अर्थ होता. पुढे विक्रेत्यांनी त्यातलं 'स्वस्त' काढून 'स्वतंत्र' घातलं, ते का हे सांगायला नको :) युक्ती आपल्या किराणा दुकानदारालाही कळेल. तीन वह्यांत १२, ७ आणि ३० असे आकडे आहेत. चौथ्या वहीत नुसती बेरीज लिहायची, ४९. आता कुठलीही एक वही उंदराने खाल्ली तरी उरलेल्या तीनवरून ती पुन्हा लिहून काढता येते. अर्थात फुकट काही नाही. एका वहीत आकडा बदलला की बेरजेची वहीही बदलावी लागते. जुना आकडा वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा आकडा लिहा, नवी बेरीज लिहा. एका लिहिण्याच्या चार फेऱ्या झाल्या. म्हणून सतत बारीकसारीक लिहिणाऱ्या डेटाबेसला ही पद्धत जड जाते आणि तिथे सरळ दोन-दोन प्रती ठेवणं बरं पडतं. पाहिलंत ना, डिस्कवर वाचवलेले पैसे फेऱ्यांमध्ये परत द्यावे लागले.

आता आपल्या पट्ट्यात येऊ. माणहून निघून वाकड, नाशिक फाटा, भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला गेलं आणि आत खोडदकडे वळलं, की शेतांमध्ये पांढऱ्या, जाळीदार, अगडबंब डिश दिसायला लागतात. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, आपली जीएमआरटी. टीआयएफआरच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरएची. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश. चौदा मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या सोळा वाय आकाराच्या तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात.

हिचे जनक प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०). त्यांची पद्धत सुरुवातीपासून एकच होती, एक मोठं महाग घेण्यापेक्षा अनेक लहान स्वस्त घ्या आणि डोकं लावून जोडा. १९६५ साली मुंबईजवळ कल्याणला त्यांनी जी पहिली दुर्बीण उभी केली ती ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, भेट मिळालेल्या बत्तीस छोट्या डिशची होती. जीएमआरटीत त्यांनी डिशचा पृष्ठभाग पत्र्याचा केलाच नाही. जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारांची जाळी, दोरांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली. मधल्या भागात जाळीचं भोक १० मिलिमीटर, बाहेर १५, कडेला २०. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबीच एकवीस सेंटिमीटर आणि त्याहून जास्त, मग त्यांच्यासाठी ही जाळी म्हणजे गुळगुळीत भिंतच. वाराही आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका, म्हणून मोटारी लहान, म्हणून खर्च कमी. गुणवत्तेत तडजोड नाही, फक्त न लागणाऱ्या गुणवत्तेला पैसे मोजायचे नाहीत.

आता बर्कलीच्या पंचाहत्तर डिस्क आणि खोडदच्या तीस डिश शेजारी ठेवून बघा. तोच विचार. तीस डिशच्या जोड्या होतात ४३५. एक डिश दुरुस्तीला गेली तर उरतात २९, आणि जोड्या ४०६. निरीक्षण थोडं फिकं होतं, बंद पडत नाही. एकच महाकाय डिश असती तर नटबोल्ट बदलायलाही आकाश थांबवावं लागलं असतं. गंमत म्हणजे १९८८ मध्येच पुण्यात सी-डॅक सुरू झालं. अमेरिकेकडून हवा तसा सुपरकॉम्प्युटर मिळेना, तेव्हा डॉ. विजय भटकर आणि मंडळींनी एका महाबली प्रोसेसरऐवजी अनेक लहान ट्रान्सप्युटर जोडून १९९१ ला परम ८००० उभा केला. ही कुणाची नक्कल नव्हती. पैसा आणि परवानगी दोन्ही कमी असले की माणसाला जे सुचतं ते सगळीकडे साधारण सारखंच असतं.

जीएमआरटी ४ ऑक्टोबर २००१ रोजी जगातल्या खगोलशास्त्रज्ञांना अर्पण झाली. पुढे तिची मागची यंत्रणा, म्हणजे डिशमधून येणारे संकेत जोडणारा भाग, बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांपासून सॉफ्टवेअरवर उभा केला गेला. ४८ लिनक्स मशीन, साधं गिगाबिट नेटवर्क, बस. त्यावरचा निबंध २०१० चा आहे. ३३ मेगाहर्ट्झचा पट्टा, दर डिशचे दोन संकेत. आता डिस्कचा हिशेब करू, कागद-पेन्सिल घ्या.

तीस डिश, दोन-दोन संकेत, म्हणजे साठ प्रवाह. ३३ मेगाहर्ट्झ पकडायला सेकंदाला साधारण ६.६ कोटी नमुने लागतात. प्रत्येक नमुना एक बाइट धरला तर साठ प्रवाहांचे सेकंदाला सुमारे ४ जीबी. २०१० च्या आसपासची चांगली स्वस्त डिस्क सलग लिहायला बसली तर सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास लिहायची. म्हणजे नुसतं लिहायलाच चाळीस डिस्क एकाच वेळी. एक टीबी सव्वाचार मिनिटांत भरेल. दहा तासांच्या एका रात्रीचे १४४ टीबी. कुठल्याही विद्यापीठाचं बजेट एका महिन्यात झोपलं असतं.

म्हणून कच्चा प्रवाह जसाच्या तसा साठवत बसत नाहीत. तो आल्या आल्या ४३५ जोड्यांमध्ये गुणून, बेरीज करून, फक्त सार ठेवतात. त्याचा हिशेब : ४३५ जोड्या, २५६ वारंवारिता, २ संकेत, प्रत्येकी ८ बाइट. एकूण १.८ एमबी. दर सोळा सेकंदांनी एकदा लिहिलं तर तासाला ४०० एमबी, दहा तासांना ४ जीबी. १४४ टीबी कुठे आणि ४ जीबी कुठे! छत्तीस हजार पट फरक. तो फरक कुठल्या डिस्क कंपनीने दिलेला नाही, गणिताने आणि सॉफ्टवेअरने दिलेला आहे. डिस्क निवडण्यातला सगळ्यात मोठा निर्णय डिस्कचा नसतोच, काय ठेवायचं नाही हा असतो. शिवाय हे लिखाण सलग आहे. डोकं इकडून तिकडे पळत नाही, एका ओळीत लिहीत जातं. अशा कामाला फेरीची किंमत जवळजवळ शून्य पडते. महागड्या वेगवान डिस्क घेणं म्हणजे बैलगाडीला शर्यतीचा घोडा जुंपणं.

वाचलेले पैसे कुठे गेले ते आता दिसतं. लोखंडातून निघून ते माणसांकडे आले. स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या, एखादी मेली की ओळखायचं, तिची जागा दुसरीला द्यायची, वाचणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही, हे सगळं कुणीतरी लिहावं लागतं. हेच काम करणाऱ्या व्हेरिटास कंपनीचं मोठं विकासकेंद्र १९९० च्या दशकापासून पुण्यात होतं (२००५ मध्ये ती सिमँटेककडे गेली). पुण्यातल्या किती इंजिनीयरांची घरं डिस्क-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवर उभी राहिली त्याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण आमच्या पिढीत प्रत्येकाच्या ओळखीत दोन-चार तरी निघतात. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा माण गावच्या जमिनीवर आहे. जिथे भात निघायचा तिथे बसून आम्ही आज दूरच्या डिस्क सांभाळतो. त्या 'सतरा दिवस' या आकड्याने आम्हाला रोजगार दिला म्हणा ना.

आपल्याकडे या हिशेबात आणखी एक भिडू होता, तो अमेरिकन निबंधांत सापडत नाही. वीज! २००५ ते २००८ ची वर्षं आठवा. राज्यभर भारनियमन. पुण्यात तर २००६ ला कारखान्यांनी आपापली जनित्रं चालवून शहराची वीज वाचवायचा प्रयोग झाला होता. आणि हार्ड डिस्कची एक खोड अशी की तिच्या पोटात छोटी मेमरी असते. तुम्ही लिहायला दिलेलं ती आधी तिथे ठेवते आणि 'झालं' म्हणून सांगून टाकते, तबकडीवर नंतर उतरवते. त्यामुळे वेग मस्त मिळतो. पण त्या 'झालं' आणि खऱ्या लिहिण्याच्या मध्ये दिवे गेले की डेटा गेला, आणि डेटाबेसला वाटत राहतं की आहे.

२००६ ला आम्ही एका लहान कंपनीत असताना सर्व्हरची खरेदी चालली होती. एका बाजूला मिनिटाला १५,००० फेऱ्यांच्या स्कझी डिस्क, दुसऱ्या बाजूला साध्या साटा. दर जीबीला तिपटी-चौपटीचा फरक. सभा लांबली. शेवटी आमच्या वयस्क सिस्टम ॲडमिनने फळ्यावर तीन रकाने काढले. बग नोंदवायचा डेटाबेस : डेटा थोडा, फेऱ्या फार, तिथे चार स्कझी, दोन-दोनच्या जोडीने. रोजचा बॅकअप : डेटा फार, सलग लिखाण, तिथे साटा. तिसऱ्या रकान्यात त्यांनी फक्त 'यूपीएस आणि बॅटरीवाला कंट्रोलर' असं लिहिलं आणि म्हणाले, "साहेब, हा रकाना कापायचा असेल तर वरचे दोन कुठलेही घ्या, मला फरक पडत नाही." कंट्रोलरला बॅटरी असली की त्याच्या स्वतःच्या पोटातली मेमरी वीज गेल्यावरही शाबूत राहते. तिचे पैसे मंजूर झाले. मला वाटतं कामगिरी आणि किंमत यांच्यातला सौदा मी त्या फळ्यावर शिकलो, पुस्तकात नाही.

पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, दोन निबंध एकाच परिषदेत आले आणि बऱ्याच समजुती हलल्या. एक गूगलचा, लाखाहून जास्त डिस्कवरचा. गरम झाली की डिस्क मरते या समजुतीला त्यात फारसा आधार मिळाला नाही. दुसरा बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. होय, तोच रेडवाला गिब्सन. डिस्कच्या कागदावर छापलेलं असतं, सरासरी आयुष्य दहा लाख तास. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे शंभरातली एखादीही वर्षाला मरू नये, ०.८८ टक्के. प्रत्यक्षात बदलाव्या लागणाऱ्या डिस्क बहुतेक ठिकाणी २ ते ४ टक्के निघाल्या, काही ठिकाणी १३ पर्यंत. आणि महागड्या स्कझी व स्वस्त साटा यांच्या बदलीच्या प्रमाणात फारसा फरक दिसला नाही. म्हणजे महाग डिस्कचे जास्तीचे पैसे वेगासाठी होते, दीर्घायुष्यासाठी नव्हते. आपण मात्र 'महाग आहे म्हणजे टिकेल' असं धरून चाललो होतो.

मग २०११. ऑक्टोबरात थायलंडमध्ये महापूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा वाटा तिथे तयार होत होता आणि वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखाली गेला. भाव दुपटीपर्यंत गेले. आपल्याकडे २००५ पर्यंत कॉम्प्युटरच्या भागांवरचं आयातशुल्क शून्यावर आलं होतं, तेव्हापासून भाव फक्त उतरतो अशी सवय लागलेली. बुधवारातल्या तपकीर गल्लीत मी त्या हिवाळ्यात डिस्कचा भाव विचारला तर दुकानदार म्हणाला, "आत्ता सांगतो तो आत्ताचा, चहा पिऊन आलात तर वेगळा." स्वस्ताई टिकायला सगळा माल मोजक्या ठिकाणी तयार व्हावा लागतो, आणि त्याचीही किंमत कधीतरी येते ती अशी.

एवढा सगळा हिशेब करून मिळवायचं काय, असं कुणी विचारेल. म्हणून पुन्हा खोडदला जाऊ. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं दिसणारं आकाश टिपलं. दोन हजारांहून जास्त तास. या सर्वेक्षणाचं नाव टीजीएसएस. तेव्हाच्या पद्धतींनी त्यातून सगळं निघेना, कारण या वारंवारितेवर वातावरणाचा वरचा थर प्रतिमा हलवतो. पण मूळ नोंदी संग्रहात ठेवलेल्या होत्या. पुढे हुईब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने त्याच नोंदी पुन्हा दळल्या आणि २०१६-१७ मध्ये ३६,९०० चौरस अंश आकाशाचा नकाशा प्रसिद्ध केला. आकाशाचा नव्वद टक्के भाग, आणि त्यात ६ लाख २० हजार रेडिओस्रोत. दुर्बीण पुन्हा एक मिनिटही फिरवावी लागली नाही.

त्या नोंदी पुन्हा घेता आल्या असत्या का? तशाच नाही. २०१० ची रात्र गेली ती गेली. आणि दरवर्षी आपल्या पट्ट्यात मोबाइल, कारखाने, वाहनं वाढताहेत, तसा रेडिओ-गोंगाटही. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गसुद्धा या दुर्बिणीला बाधा येते म्हणून अडला. उद्याचं आकाश कालच्याइतकं शांत मिळेलच असं नाही. जीएमआरटीची २००२ पासूनची निरीक्षणं संग्रहात आहेत आणि ठरावीक मुदतीनंतर कुणालाही खुली होतात, ती म्हणूनच मोलाची. सेकंदाला ४ जीबीतलं बाकी सगळं सोडून दिलं, पण जे ठेवलं ते सांभाळलं. मला या सगळ्यात हे सर्वात शहाणपणाचं वाटतं.

आता आजचं. एसएसडी आल्यापासून फेरीची किंमत कोसळलीय. जिथे फिरती डिस्क सेकंदाला शे-दोनशे फेऱ्या मारते तिथे साधी एसएसडीही हजारोंनी मारते. दर टीबीचा भाव बघितला तर मात्र फिरती डिस्क अजूनही बरीच स्वस्त पडते. म्हणजे दोन किमती होत्याच, आता त्यांना दोन वेगळी यंत्रं मिळाली. इकडे चाकण-भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सहा कॅमेरे आणि टॅली एकाच मशीनवर असतं. कॅमेऱ्याचं फुटेज म्हणजे खोडदचा प्रवाह, सलग, भरपूर, महिन्याने पुसायचं. त्याला स्वस्त मोठी डिस्क. टॅली म्हणजे शेअर बाजार, छोटा डेटा, सतत चाळवाचाळव. त्याला लहान एसएसडी. आणि तिसरा रकाना विसरायचा नाही, यूपीएस आणि दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत.

एक इशारा मोठ्या डिस्कवाल्यांसाठी. ३० टीबीची डिस्क सेकंदाला २५० एमबीने अखंड वाचली तरी पूर्ण वाचायला तेहेतीस तास लागतात. म्हणजे समूहातली एक मेली तर तिची जागा भरून निघेपर्यंत दीड दिवस जीव टांगणीला, आणि त्यात उरलेल्या डिस्क सगळ्यात जास्त राबत असतात. २००३ च्या ४० जीबीच्या डिस्कला हेच काम सतरा-अठरा मिनिटांचं होतं. तेव्हा साठ्याच्या भागाकारात मोठी डिस्क जिंकते हे खरं, पण बेरजेची एकच वही तिला पुरत नाही, दोन ठेवाव्या लागतात. त्या दुसऱ्या वहीचे पैसे धरूनच भाव विचारा.

असो. लेख लांबला. पुढच्या शनिवारी टेपबद्दल लिहीन म्हणतो. सगळे तिला मेलेली समजतात, पण ती अजून आहे आणि दर टीबीला डिस्कलाही मागे टाकते. तिची फेरी मात्र मिनिटांत मोजावी लागते.